गोड बोलण्याचा सराव

आमच्या तंजावुरातल्या मेल वीदीत, म्हणजे पश्चिमेच्या रस्त्यावर, माझ्या जिभेला सगळे भितात, आणि भ्यावंच. भाजीवाली आमच्या दारावर यायच्या आधी तराजू पुसते. सून घर सोडून गेली ती ह्या जिभेपायीच, असं लोक म्हणतात. म्हणू देत. जिला शब्द सोसत नाही तिला संसार काय सोसणार. हे एवढ्यासाठी सांगते, की माझा नातू सैन्यातून सुट्टीवर आला आणि शिव्या मागायला माझ्यापुढे येऊन बसला, त्याचं कोणाला नवल वाटू नये. तूप हवं असलं तर माणूस गवळ्याकडेच जातो.

नातू म्हणजे रघोजी, माझ्या हरिप्रसादचा मुलगा. हरिप्रसाद वीज खात्यात कारकून. साहेब शेजारच्या खोलीत खोकला तरी हा खुर्चीतून उठतो. त्याच्या पोटी हे पोर कसं आलं, देवास ठाऊक. शिपाई म्हणून भरती झाला, चार ठिकाणी बदली झाली, आणि मग त्यानं मनात घेतलं की एवढं पुरे नाही, स्पेशल फोर्सेसमध्ये जायचं. ते मरून रंगाच्या टोपीवाले. तेथे कोणाला उगीच घेत नाहीत म्हणे. आधी काही महिने पिळून काढतात. झोप नाही, पोटभर अन्न नाही, पाठीवर ओझं, खाली चिखल. आणि ज्याला नको झालं त्याला कोणी धरून ठेवत नाही. बाजूला एक गाडी उभीच असते. जाऊन त्यात बसलं की झालं, चहा मिळतो, घोंगडी मिळते, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या पलटणीत परत. तोंड काळं.

सुट्टीवर आल्या दिवसापासून पोर अंगाचे हाल करायला लागला. उजाडायच्या आत पोत्यात वाळू भरून पाठीला बांधायची आणि पुदु आरूच्या, म्हणजे नव्या कालव्याच्या काठानं पळत सुटायचं. मेट्टूर धरणाचं पाणी सोडलेलं, कालवा भरून वाहत होता. त्यात हात मागे बांधून उडी मारायचा. काठावर म्हशी धुणारे ओरडायचे की हे कोणाचं वेडं पोर. घरी आला की परसात जुन्या वाटणाच्या दगडाचा गोटा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा राहायचा. इडलीचं पीठ आता यंत्रात वाटतात, गोटा तसाच विहिरीशी पडून होता. मी म्हटलं, चला, कोणाच्या तरी उपयोगी पडला.

मग एक दिवस तो माझ्यापुढे बसला. म्हणाला, शरीर तयार आहे अक्का, शरीरामुळे थोडेच जण परत येतात. मनानं येतात. तेथले उस्ताद कानाशी येऊन असं काही बोलतात की माणूस आतून सुटतो. मला कोणीतरी आधीच तसं बोलून घट्ट करायला पाहिजे.

आमच्या घरात सगळे मला अक्काच म्हणतात, नातूसुद्धा.

"आणि तुला माझी आठवण झाली," मी म्हटलं.

"गावात दुसरं कोण आहे तुझ्यासारखं?"

ह्याच्यापेक्षा मोठा मान मला कोणी दिलेला नाही. मी पदर खोचला.

तमिळमध्ये बोलायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. तमिळ आमची बाजाराची भाषा, शाळेची, बसची. त्यातली शिवी अंगाला लागते आणि आंघोळ केली की जाते. आमची ही घरातली मराठी, उंबऱ्याच्या आतली, ती हाडाला लागते. तेथे सैन्यात हिंदीत बोलतात. मराठीत जो टिकला त्याला हिंदी म्हणजे पावसाचे चार थेंब, असा माझा हिशोब.

तो गोटा डोक्यावर धरून उभा राही आणि मी समोर पाटावर बसे. सुरुवातीला मी रोजचंच बोलले. नाक तुझ्या आईचं, पाय तुझ्या बापाचे, आणि अक्कल दोघांनी एकमेकांवर ढकलली ती वाटेतच सांडली. तो हसला. हसताना गोटा हलला, तरी हसला.

"अक्का, हे तर तू लाडानंही म्हणतेस."

मला राग आला. म्हटलं बरं. त्या दिवसापासून त्याचं तूप बंद. आमच्यांत माया जिभेनं करत नाहीत, तुपानं करतात. पानावर भाताच्या डोंगराला खळगा करून त्यात तूप ओतलं की समजायचं ज्याचं त्यानं. ते बंद केलं. मग जेवणही उशिरा. तो आदल्या दिवसाचा उपाशी, उन्हात गोटा धरून उभा, आणि मी त्याच्यासमोर पान मांडून भातात चिंचेचं वत्तकुळंबु कालवून जेवत बसे. त्यावर अप्पळम, म्हणजे पापड, दातानं कडकड मोडायचा, त्याला ऐकू जाईल असा. दुपारी त्याचा डोळा लागला की मी पितळी परात दगडावर आपटत असे. शेजारची धनलक्ष्मी भिंतीवरून डोकावून म्हणाली, अहो अक्का, पोर मरेल. मी म्हटलं, मेलं तर तुला बोलावते, रडायला बायका लागतातच.

एका सकाळी हरिप्रसाद गरम कापीचा, म्हणजे कॉफीचा, पेला घेऊन परसात आला. मला पाहिजे होता तसाच आला. मी रघोजीला म्हटलं, हा बघ, ह्याचा तू. ह्याच्या साहेबानं दिवाळीच्या आदल्या दिवशी ह्याला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली होती. आणि दिवाळीच्या सकाळी हा मिठाईचा पुडा घेऊन त्याच साहेबाच्या दारात उभा. पुडा मीच बांधून दिला होता, तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ह्याचं रक्त तुझ्या अंगात. तू गाडीत बसणार नाहीस तर कोण बसणार?

हरिप्रसादनं कापी संपवली, पेला विसळून ठेवला आणि ऑफिसला गेला. पोराचे दंड थरथरत होते. पण गोटा वरच राहिला. मी मनात म्हटलं, हं, आता कुठे लोखंड तापलं.

तरी तो अजून पुरता कोडगा झाला नव्हता, ते मला दिसत होतं. शब्द लागला की त्याच्या खालच्या पापणीखाली एक शीर उडायची. लहानपणी रडायच्या आधी उडायची तीच. ती थांबेपर्यंत थांबायचं नाही, असं मी ठरवलं. आणि ती कशानं थांबेल तेही मला माहीत होतं. ते शेवटी ठेवलं होतं.

त्याची आई महालक्ष्मी. तो पाच वर्षांचा असताना माहेरी पापनाशमला गेली ती गेलीच. मुलाला का नेलं नाही, ते घरात कोणी कधी बोललं नाही. तो मोठा झाल्यावर अधूनमधून तिला भेटून यायचा, येताना केळी आणायचा. ती केळी मी गायीला घालत असे.

त्या दिवशी ऊन फार होतं. मी पाटावर बसले आणि सावकाश सांगितलं.

"तुझी आई पापनाशमच्या बसमध्ये चढली तेव्हा तू मागून पळत होतास. अनवाणी. कंडक्टरनं शिटी मारून बस थांबवली. तिला विचारलं, पोरगं तुमचं का? तिनं तुझ्याकडे नीट बघितलं आणि मान हलवली. नाही म्हणून."

गोटा खाली आला. धुण्याच्या दगडाचा एक कोपरा उडाला. पोर विहिरीच्या पलीकडे जाऊन बसला, माझ्याकडे पाठ करून. संध्याकाळचा दिवा लागला तरी उठला नाही. हे खरं की खोटं, ते मला ठाऊक आणि महालक्ष्मीला ठाऊक. सरावाला खऱ्याखोट्याचं काय. तलवार लाकडाची असली तरी हात तोच तयार होतो.

दुसऱ्या सकाळी तो कालव्यावरून आला, गोटा उचलला, समोर उभा राहिला.

"अक्का, कालचं परत सांग."

मी सांगितलं. तिसऱ्या दिवशी परत सांगितलं. कधी अनवाणी पायांत काचा घातल्या, कधी कंडक्टरला हसवलं, कधी महालक्ष्मीच्या मांडीवर दुसऱ्याचं पोर बसवलं. रोज थोडं मीठ जास्त. सुट्टी संपत आली तेव्हा मी हे सगळं सांगत होते आणि पापणीखालची ती शीर गप्प होती. भिंतीशी बोलावं तसं झालं. मी उठून त्याच्या पानावर तूप वाढलं, गळेपर्यंत वाढलं. तो खाली मान घालून जेवला. मला वाटलं, जिंकलो.

तो गेला. मी वीदीत सगळ्यांना सांगून ठेवलं की माझा नातू आता टोपी घेऊनच येईल.

टोपी न घेता आला. लोखंडी ट्रंक ओट्यावर ठेवली आणि तेथेच बसला. हरिप्रसादच्या तोंडावर आनंद मावेना, मुलगा धडधाकट परत आला म्हणून. मी त्याला आत हाकललं आणि पोराला म्हटलं, बोल.

त्यानं सांगितलं ते असं. धावणं झालं, पाण्यातलं झालं, ओंडका खांद्यावर घेऊन डोंगर चढणं झालं. मोठमोठे पैलवान गाडीत जाऊन बसले, हा नाही बसला. उस्ताद कानाशी येऊन आई-बापावरून बोलायचे तेव्हा ह्याला आतून हसू यायचं. वाटायचं, ह्यांना तंजावुरास पाठवावं, अक्काकडे शिकवणीला. शेवटाशेवटाला, किती दिवसांची झोप नाही ह्याचं भान सुटलेलं, पाऊस, चिखलात हा एकटा बसलेला. एक उस्ताद आला. साताऱ्याकडचा. बिल्ल्यावरचं ह्याचं नाव वाचलं असेल, कोणास ठाऊक. ओरडला नाही. शेजारी चिखलात बसला, पाठीवर हात ठेवला, आणि मराठीत विचारलं.

"बाळा, जेवलास का रे? दमलास. चल, मी तुला गाडीपर्यंत सोडतो."

"आणि?" मी विचारलं.

"आणि मी रडलो, अक्का. लहान मुलासारखा. त्यांचा हात धरून गाडीत जाऊन बसलो. मराठीत असं कोणी मला कधी विचारलंच नव्हतं."

मी त्याला काय काय बोलले ते येथे लिहीत नाही. जेवलास का, एवढ्यावर विकला गेलास. कुत्र्यालासुद्धा आधी भाकरी दाखवावी लागते. चूक माझी होती असं धनलक्ष्मीनं भिंतीपलीकडून सुचवून बघितलं. चूक कसली? शत्रू शिव्या घेऊन येणार म्हणून मी किल्ल्याचा तो दरवाजा बंद केला. मागच्या दारानं गूळ घेऊन येतील हे कोणाला ठाऊक?

पण पोर खचला नव्हता, हे मला आवडलं. म्हणाला, पुढच्या वर्षी आणखी एकदा संधी मिळणार आहे, साहेबांनी शब्द दिलाय. आता मी गोड बोलण्याखाली उभं राहायला शिकलं पाहिजे. सुट्टी मिळाली की पापनाशमला जाऊन राहतो. आईला सांगतो, रोज माझ्याशी मायेनं बोल.

मी म्हटलं, तिचं गोड म्हणजे पाणी घातलेलं पायस. त्यानं कोण तयार होणार? जिनं कडू पाजलं तिलाच गोड पाजता येतं. येथेच यायचं.

तो हसला. "तुला जमेल?"

"तू गोटा उचल. माझं मी बघते."

पुढच्या वर्षीच्या सुट्टीत तो समोर उभा राहिला, डोक्यावर गोटा, आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. बाळा म्हणायला गेले तर ते शेवग्याच्या शेंगेच्या दोऱ्यासारखं घशात अडकलं. तो वाट बघत होता. शेवटी कसंबसं म्हटलं, "दमलास का रे राजा? पुरे. ये, बस माझ्याजवळ."

गोटा लगेच खाली आला. तो विहिरीच्या कट्ट्याला टेकून हमसून हमसून रडला. मला फार बरं वाटलं. का ते विचारू नका. मी जागची हलले नाही, पण बरं वाटलं.

मग रोज. ह्या वेळी तूप भरपूर. भाताचा गोळा करून त्याच्या तोंडाशी नेई आणि म्हणे, खा रे सोन्या. तोंड उघडलं तर हरला. पहिल्या आठवड्यात उघडायचा. मला गोड बोलायची सवय नव्हती, म्हणून खोटं काही सुचेना. खरं तेच सांगावं लागलं. जन्मलास तेव्हा ओंजळीएवढा होतास, दाईच्या हातातून आधी मी घेतलं. कांजण्या आल्या तेव्हा कडुलिंबाच्या पाल्यानं वारा घालून माझा हात सुजला होता. तुझी आई गेल्यावर तू माझ्या लुगड्याचं टोक मुठीत धरून झोपायचास, आणि मूठ सुटेल म्हणून मी कूस बदलत नसे. हे मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. हरिप्रसादला नाही, देवालाही नाही. आता सकाळ झाली की आज काय सांगू, असं मला व्हायला लागलं. पाट मांडून मीच आधी बसून राहायची.

आणि तिकडे त्याचं तोंड मिटत चाललं. घास ओठांना लागला तरी ओठ उघडत नव्हते. डोळे माझ्या डोक्यावरून पलीकडच्या नारळावर. मी लुगड्याच्या टोकाचं सांगत असताना तो श्वास मोजत होता, ओठ हलताना दिसायचे. एक दिवस मी उठले आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. सरावात ते ठरलेलं नव्हतं. गाल गार होता. पापणीखाली काही हललं नाही.

त्यानं गोटा हलकेच खाली ठेवला. "झालं, अक्का. आता लागत नाही."

हरिप्रसाद दारात उभा होता. त्या दिवशी पहिल्यांदा तो माझ्याशी मान वर करून बोलला.

"आता त्याच्यात काय ठेवलंस तू?"

"तुझ्यात सगळं ठेवलं होतं," मी म्हटलं. "त्याचं काय झालं?"

ह्या वेळी रघोजीनं टोपी आणली. वीदीच्या तोंडाशी पोरांनी फ्लेक्स लावला, त्यावर हत्तीएवढा रघोजी, मरून टोपी घालून, आणि खाली कोपऱ्यात माझा फोटो. असा मान ह्या वीदीत कोणत्या बाईला मिळाला असेल तर तिनं पुढे यावं. मी रोज देवळात जाताना मुद्दाम त्याच बाजूनं जायची. भाजीवालीसुद्धा म्हणाली, अक्का, तुम्ही घडवलंत.

घडवलंच. साताऱ्याचा तो उस्ताद परत आला होता म्हणे, परत शेजारी बसला, परत पाठीवर हात. रघोजी म्हणाला, मी त्यांच्याकडे बघत राहिलो, शेवटी तेच उठून गेले.

पुढच्या खेपेस तो आला तेव्हा मी न्हाणीत घसरून खुब्याचं हाड मोडून पडले होते. त्यानं सगळं केलं. मला उचलून खाटेवर, खाटेवरून खुर्चीवर, कोठे दुखू न देता. औषध वेळेवर. गोटा उचलायचा तसाच उचलायचा, पाठ सरळ ठेवून. पापनाशमहून महालक्ष्मी त्याला बघायला आली. इतक्या वर्षांनी माझ्या ओट्यावर बसली, त्याच्या हाताला धरून रडली, किती वाळलास म्हणाली. त्यानं तिला पाणी दिलं, बसची वेळ सांगितली, आणि म्हणाला, सावकाश जा आई, पायऱ्या निसरड्या आहेत. बसची ती जुनी गोष्ट खरी का, म्हणून तिला विचारलंसुद्धा नाही. आता विचारायचं कशाला उरलं होतं? ती जाताना माझ्याकडे बघून गेली.

त्याची निघायची वेळ झाली. गणवेश घातला होता, बॅग दाराशी. मी खाटेवर पडल्या पडल्या त्याच्याकडे बघत होते. डॉक्टरनं हरिप्रसादला बाहेर नेऊन काहीतरी सांगितलं होतं आणि हरिप्रसाद तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हता. माझ्या तोंडून ते आपोआप आलं.

"दोन दिवस राहा रे, बाळा. मला भीती वाटते."

तो बुटाची नाडी बांधत होता. थांबला. वर बघितलं, माझं तोंड नीट न्याहाळलं, शिकवणारा शिष्याकडे बघतो तसं. मग हसला.

"वा, अक्का. ह्या वेळी आवाजसुद्धा कापला. पहिल्या वर्षी असं बोलली असतीस तर मी कोसळलोच असतो."

त्यानं खाली वाकून नमस्कार केला. माझा हात त्याच्या डोक्यावर होता. तो बाजूला केला असता तर त्याला कळलं असतं, दाबून धरला असता तरी कळलं असतं.

"मग?" मी म्हटलं. "तुला काय वाटलं, अक्काची जीभ म्हातारी झाली?"

त्यानं माझा हात उचलून चादरीवर ठेवला आणि बॅग घ्यायला उठला. हरिप्रसाद सगळं ऐकत होता. तो माझ्याजवळ आला, खाली वाकला, आणि हळूच म्हणाला, "अक्का, तू खरंच म्हणत होतीस. थांबवू त्याला?"

मी त्याला म्हटलं, गाडी चुकेल पोराची. जा, बॅगेला हात लाव.